आत्याचा आजारही डॉक्टरांना सांगा

घरात एखाद्या बाईला स्तनाचा कॅन्सर झाला की बोलणं बंद होतं. लेकीचं लग्न जमवायचं असतं, म्हणून शेजारी कळू देत नाहीत. आणि घरातल्या मुली मनातल्या मनात घाबरतात, 'आता आपल्यालाही होणार.' लपवणं आणि घाबरणं, दोन्हींनी नुकसानच होतं.

आधी भीतीचं बघू. स्तनाचा कॅन्सर झालेल्या १०० बायकांपैकी साधारण ५ ते १० जणींचाच आजार आनुवंशिक असतो. हा आजार एका ताटात जेवल्याने पसरत नाही आणि तो कुणाच्या पापाचं फळही नाही.

वारसा कशाचा?

आपल्या पेशींमध्ये जनुकं असतात. त्यांतली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं पेशीत होणारी मोडतोड दुरुस्त करायला लागतात. शास्त्रज्ञांना ती १९९४ आणि १९९५ साली सापडली. यांपैकी एकात जन्मापासून बिघाड असला तर दुरुस्ती नीट होत नाही. असा बिघाड असलेल्या १०० बायकांपैकी साठ-सत्तर जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. तरीही बिघाड असणं म्हणजे कॅन्सर असणं नव्हे.

हा बिघाड आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. वडील ठणठणीत असले तरी त्यांच्यामार्फत तो लेकीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून आई, मावशी, आजी यांच्याइतकीच आत्या आणि वडिलांची आईही महत्त्वाची.

कोणी विचारावं?

घरात पुढीलपैकी काही घडलं असेल तर डॉक्टरांना जनुक तपासणीबद्दल जरूर विचारा :

- पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर
- दोन्ही स्तनांना कॅन्सर
- बीजांडकोशाचा कॅन्सर
- पुरुषाला स्तनाचा कॅन्सर
- एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना असे आजार

आपल्याकडे जुनी माणसं 'पिशवीचा कॅन्सर' किंवा 'पोटात पाणी झालं होतं' एवढंच सांगतात. पिशवी म्हणजे गर्भाशय की बीजांडकोश, हे त्यावरून कळत नाही. जुना केस पेपर असेल तर तो फेकू नका, दवाखान्यात सोबत न्या.

तपासणी कशी होते?

थोडं रक्त घेतात, कधी लाळही चालते. शक्यतो आजार झालेल्या व्यक्तीची तपासणी आधी करतात. तिच्यात बिघाड सापडला, तर बहिणी, भाऊ आणि सज्ञान मुलांना नेमका तोच बिघाड आहे का, हे पाहता येतं. तपासणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन घ्यावं. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत त्यासाठी वेगळा विभाग असतो. खर्च आधीच विचारा, परवडत नसेल तर तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन मदत मागा.

उत्तर तीन प्रकारचं येतं. बिघाड आहे, बिघाड सापडला नाही, किंवा बदल दिसतो पण त्याचा अर्थ अजून लागलेला नाही. तिसऱ्या उत्तरावरून ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा नसतो. 'सापडला नाही' म्हणजे कॅन्सर कधीच होणार नाही, असंही नाही.

बिघाड सापडला तरी हातात उपाय असतात. २५ ते ३० या वयापासूनच एमआरआय आणि मॅमोग्राफी करून लक्ष ठेवता येतं. मुलंबाळं झाल्यावर काही जणी बीजांडकोश काढून घेतात. नुसती पिशवी काढून तो धोका जात नाही. काही जणी स्तनांची शस्त्रक्रिया आधीच करून घेतात. यातलं काय करायचं, हे त्या बाईनेच डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. सासूने नाही, नवऱ्यानेही नाही.

बाकीच्यांनी काय करावं?

बहुतेकींना जनुक तपासणीची गरजच पडत नाही. पण स्तनांची तपासणी सगळ्यांनाच हवी. टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यामुळे जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. मशीन नव्हतं, फक्त शिकलेला हात होता.

गाठ लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर दुखण्याची वाट पाहू नका. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही.

या रविवारी घरातल्या मोठ्या माणसांना जवळ बसवा. आईकडचं आणि वडिलांकडचं, कुणाला कोणता कॅन्सर, कोणत्या वयात झाला, ते वहीत लिहून काढा. भाऊ आणि मुलगे यांनाही त्यात बसू द्या. डॉक्टरांपुढे ती वही ठेवलीत, तर तपासणी लागेल की नाही, हे त्यांना लवकर ठरवता येईल.