एका लुगड्याची एक गोधडी

रब्बीची सुगी उरकली, खळी मोकळी झाली, की चैत्र-वैशाखातल्या दुपारी घरातल्या बायकांना जरा उसंत मिळते. पापड, कुरडया, वर्षाचे तिखट ही कामे मागे असतातच. पण याच दिवसांत पडवीत जुनी लुगडी-धोतरे पसरून गोधडी शिवायची चाल आपल्याकडे आहे. कुठे तिला वाकळ म्हणतात, चार पदरांची असली तर चौघडी म्हणतात. उन्हे कडक असतात, धुतलेली गोधडी एका दिवसात वाळते आणि मृग लागायच्या आत पांघरूण घडी होऊन पेटीत जाते.

रोजच्या वापराची गोधडी कशी शिवावी हे आमच्यासारख्या शेतकी खात्यातल्या माणसाने भगिनींना सांगण्याची गरज नाही. या लेखात सांगायचे आहे ते भेटीच्या गोधडीबद्दल. म्हणजे एका ठराविक माणसासाठी, त्याच्या ओळखीच्या कापडातून, त्याचे नाव घालून शिवलेल्या गोधडीबद्दल.

अलीकडे लग्नाला किंवा बारशाला काय द्यायचे असा प्रश्न आला की पाय दुकानाकडे वळतात. तिथून एक केसाळ ब्लँकेट चेन लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत येते. घेणाऱ्याच्या घरी तशीच तीन आधी आलेली असतात. त्याच वेळी आपल्या ट्रंकेत आजीची पाच-सहा सुती लुगडी नुसती पडून असतात. आजी गेली, वर्षश्राद्ध झाले, की दिवाळीच्या आवराआवरीत ती बोहारणीपुढे येतात आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचे एक पातेले घरात येते. बोहारणीचा तो धंदा आहे, तिला दोष नाही. पण कोणते लुगडे थोरल्या लेकाच्या लग्नात आले, कोणते कापसाच्या पहिल्या पैशातून घेतले, कोणते नेसून आजी विहिरीच्या खोदाईवर गेली, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नसते. म्हणून ही गोधडी आजी हयात असताना, तिला समोर बसवून शिवावी. बहुतेक गावांत रोज सुती नऊवारी नेसणाऱ्या बायका आता साठी-सत्तरीच्या पुढच्याच राहिल्या आहेत. सुनांच्या आणि नातींच्या साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. तेव्हा हे कापड पुढच्या पिढीला ट्रंकेत मिळणार नाही.

काही घरांत गेलेल्या माणसाचे कपडे ठेवीत नाहीत. ती रीत मोडा असे कोणी म्हणणार नाही. आजारपणातले, अंगावरचे कपडे द्यायचे ते द्यावेत. पेटीतली धुतलेली लुगडी ही वेगळी गोष्ट आहे, हे घरातल्या मोठ्यांशी बोलून ठरवावे. आणि बोलणे आधी व्हावे, तेराव्याच्या गर्दीत नव्हे.

दुसरी अडचण लाजेची असते. 'लेकीला काय चिंध्यांचा आहेर करायचा?' असे घरातले पुरुषच आधी म्हणतात. गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) अंगावर ठिगळांचे वस्त्र घालून फिरत, त्यामुळे लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. त्या ठिगळांपुढे भलेभले हात जोडीत होते. तरीही लग्नात मानाची साडी द्यायची ती द्यावीच. गोधडी रुखवतात मांडायची की लेकीच्या पेटीत गुपचूप घालायची, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता मापाकडे वळू. नऊ वारांचे लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याची लांबीवर चार पदरी घडी घातली तर दोन मीटरांहून थोडी जास्त, म्हणजे पावणेसात फूट लांबी मिळते. पन्हा साधारण ४५ इंच असतो. एका माणसाचे अंथरूण-पांघरूण बरोबर या मापात बसते. म्हणजे एका लुगड्यात एका माणसाची चौघडी होते आणि कापड कुठे फाडावे लागत नाही. घडी एकदा इकडून, एकदा तिकडून अशी नागमोडी घालावी. दोन्ही लांब बाजूंना काठावर काठ येतो, त्यामुळे वेगळी किनार लावायला नको. पदराचे टोक सर्वांत वर ठेवावे. लुगडे बहुधा मधल्या भागात विरते, आणि हा भाग या घडीत आपोआप आतल्या पदरांत जातो. दोघांसाठी गोधडी हवी असेल तर दोन लुगडी शेजारी शेजारी जोडावीत. पाचवारी साड्या असतील तर दोन साड्यांचे दोन-दोन मीटरांचे चार तुकडे निघतात, त्यांची चार थरांची एक गोधडी होते.

घडीच्या आत, दोन पदरांमध्ये, आजोबांच्या धोतराचा किंवा वडिलांच्या जुन्या सदऱ्याचा एक थर घालता येतो. तो बाहेरून दिसत नाही. ज्याला गोधडी द्यायची त्याला मात्र सांगून ठेवावे.

कापडाची पारख शिवण्याआधी करावी. टोक ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबावे. रंग उतरला तर ते लुगडे दोन-तीनदा वेगळे धुवावे, आणि तरीही उतरत राहिले तर बाळाच्या गोधडीला अजिबात घेऊ नये. वरून लावायचा नवा तुकडा असेल तर तो आधी भिजवून वाळवावा. नवे सूत पहिल्या धुण्यात आटते, जुने आटत नाही, आणि मग गोधडीला सुरकुत्या पडतात. दोरा सुतीच घ्यावा. कृत्रिम धाग्याचा दोरा मजबूत असतो हे खरे, पण मऊ झालेल्या जुन्या कापडाला तो काही वर्षांनी कापत जातो.

नायलॉन आणि सूत यांतला फरक मला सर्वांत नेमका सांगितला तो एका कोळीणबाईंनी. शेततळ्यातल्या मत्स्यपालनाच्या प्रशिक्षणासाठी मुंबईत अंधेरीच्या पश्चिमेला वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जाणे झाले होते. ही संस्था १९६१ सालची. जवळच वर्सोव्याचा कोळीवाडा आहे. एका बाजूला उंच इमारती आणि घाटकोपरकडे जाणारी मेट्रो, दुसऱ्या बाजूला बांबूच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील. संध्याकाळी तिथे एका घराच्या ओट्यावर सत्तरीच्या मावशी गोधडीत सुई चालवीत बसल्या होत्या. त्यांची नात खाडीपलीकडे मढला दिलेली, तिच्यासाठी गोधडी चालली होती. वर्सोव्याहून मढला बोटीने जातात, गोधडीही त्याच बोटीतून जाणार होती. वरचे लुगडे मावशींचे स्वतःचे होते, आत नवऱ्याचा चौकड्यांचा रुमाल घातला होता आणि कोपऱ्यावर साखळी टाक्याने एक होडी काढली होती.

मावशींनी सांगितले ते असे. त्यांच्या लहानपणी जाळी सुताची आणि तागाची असत. ती सारखी वाळवावी लागत, तरीही कुजत. नायलॉन आले आणि जाळ्यांची काळजी मिटली, कारण नायलॉन पाणी पीत नाही. आणि नेमक्या त्याच कारणाने नायलॉनच्या साडीची गोधडी करू नये. पांघरणाने अंगाचा घाम प्यायला हवा. आमच्या खात्याच्या एखाद्या पत्रकात हे मला इतक्या थोडक्यात लिहिता आले नसते.

त्यांचे गोधडीचे दिवस आपल्यापेक्षा वेगळे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत जाळी दुरुस्त होतात आणि सुईही चालते. धुणे मात्र पाऊस उघडल्यावर. समुद्राच्या दमट हवेत जाड गोधडी लवकर वाळत नाही, म्हणून त्या चार पदरांच्या वर जात नाहीत. ज्यांची मुले-मुली मुंबईच्या खोल्यांत राहतात त्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. गावाकडची आठ थरांची वाकळ तिथे खिडकीच्या दांडीवर चार दिवस ओली राहते, आणि मग तिला वास येतो म्हणून ती माळ्यावर जाते.

नाव घालून, खास एखाद्यासाठी शिवण्याची ही चाल आपल्यापुरतीच नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर करून काँथा शिवतात, आणि भरायचा रंगीत दोरा पूर्वी साडीच्याच काठातून ओढून काढीत. गुरुसदय दत्त यांनी जमवलेल्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या लेकीने वडिलांसाठी केलेली काँथा आहे, आणि तसे तिने टाक्यांनीच त्यात लिहून ठेवले आहे. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुले लावतात. फुलांवाचून गोधडी त्यांना उघडी वाटते. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड हे कापूस पिकवणाऱ्या निग्रो कुळांचे, म्हणजे आजच्या भाषेत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे गाव. तिथल्या मिझूरी पेटवे या बाईने १९४२ साली, नवरा वारल्यावर, त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची गोधडी केली. त्याच्या आठवणीने पांघरायची म्हणून. गुडघ्यावर विरलेल्या पॅंटी, उन्हाने विटलेले सदरे, सगळे त्यात आहे. पुढे २००२ सालापासून त्या गावच्या गोधड्या अमेरिकेतल्या मोठमोठ्या संग्रहालयांतून मांडल्या गेल्या. आमच्या मते संग्रहालयात गेल्या म्हणून त्या मोठ्या ठरल्या असे नाही, पण चिंध्या म्हणणाऱ्यांना दाखवायला हे उदाहरण बरे.

शिवण्याच्या श्रमाचा एकदा हिशेब करून पाहिला. वर दिलेल्या मापाच्या चौघडीत दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या, तर सगळ्या ओळी मिळून सुमारे ११७ मीटर भरतात. सेंटिमीटरला एक टाका धरला तर बारा हजारांच्या आसपास टाके होतात. आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून थर घट्ट धरावेत, मग कडेने सुरुवात करून आत आत फिरत मध्यावर यावे. दुपारचे दीड-दोन तास धरले तर एकटीला आठ-दहा दिवस लागतात. चौघी चार बाजूंना बसल्या तर दोन-तीन दुपारींचे काम. हा हिशेब देण्याचे कारण असे, की हल्ली शहरातले ओळखीचे लोक 'आम्हालाही एक शिवून द्या' म्हणतात आणि दोऱ्याचे पैसे पुढे करतात. घरच्या माणसाला भेट द्यावी. बाहेरच्याकडून मात्र जितके दिवस लागले तितक्या दिवसांची शेतातल्या रोजाइतकी मजुरी तरी मागावी. त्यात संकोच कशाचा?

नाव कुठे आणि कसे घालावे? पांढऱ्या सुती कापडाचा पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्यावा. त्यावर पेन्सिलीने अक्षरे लिहून सहा पदरी रेशमाचे तीन पदर सुईत घेऊन साखळी टाक्याने भरावीत, आणि तुकडा कडा दुमडून गोधडीच्या मागल्या बाजूला कोपऱ्यात शिवावा. कोणासाठी, कोणाकडून, कोणाचे लुगडे, कोणते साल, एवढे पुरे. आजीला लिहिता येत नसेल तर पाचवीतल्या नातीने अक्षरे काढावीत, आजीने भरावीत. आजीची स्वतःची खूण म्हणून ज्वारीचे कणीस, बैलजोडी, तुळस, तिला जमेल ते काढू द्यावे, वाकडे आले तरी उसवू नये. तुकडा उशाकडच्या बाजूला लावावा. म्हणजे उशाची आणि पायथ्याची बाजू कायम वेगळी राहते, पायाकडचे टोक तोंडावर येत नाही. देवाचे नाव, ओम किंवा स्वस्तिक मात्र गोधडीवर काढू नये. पाय लागतात, आणि नंतर घरात वाद होतात.

बाळासाठी करायचे ते वेगळे. पहिल्या बाळंतपणाला माहेरहून झबली, टोपडे, कुंची, दुपटे जातात. खणाची कुंची बारशादिवशी शोभते, पण ती उकाड्यात तासभर पुरे. उपयोगाचे ते दुपटे. ९० सेंटिमीटर चौरस, जुन्या लुगड्याचे दोन किंवा तीन पदर, टाके जवळजवळ आणि लहान, म्हणजे बाळाची बोटे दोऱ्यात अडकत नाहीत. नाव कोपऱ्यात बारीक भरावे आणि मागची दोऱ्याची टोके अस्तराखाली झाकावीत. आरसे, मणी, टिकल्या, जरीचा काठ यातले काही लावू नये. मणी तुटून बाळाच्या तोंडात जातो. गोधडी बाळाच्या खाली घालावी. झोपलेल्या तान्ह्याच्या तोंडावर जाड पांघरूण येऊ देऊ नये. आईच्या आजीच्या लुगड्याचे दुपटे असेल तर नावाच्या खाली पणजीचेही नाव घालायला जागा ठेवावी. ते बाळ पुढे ते वाचणार आहे.

शिवून झाल्यावर गोधडी रिठ्याच्या पाण्यात किंवा साध्या साबणाने एकदा धुऊन कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावी. पिळू नये, दांडीवर टाकून पाणी निथळू द्यावे. जुने कापड पिळताना फाटते. पाठवायची असेल तर जुन्या सुती पिशवीत घालावी. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा धरतो. कसर लागू नये म्हणून सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून घडीत ठेवावा. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत कधीही घालू नयेत. काही तान्ह्या मुलांना त्यांच्या वासाने रक्त कमी होऊन कावीळ होते, आणि ती जिवावर बेतू शकते. डांबरगोळ्या घातलेल्या पेटीतून काढलेले लुगडे असेल तर दोनदा धुऊन, दोन-तीन दिवस वाऱ्यावर टाकून, वास पूर्ण गेल्यावरच त्याचे दुपटे शिवायला घ्यावे.