बाळंतिणीच्या खोलीत कोणी बोलावे?

निपाणी-चिकोडीकडच्या आपल्या घरांत एक रीत अजून पाळली जाते. दवाखान्यात डॉक्टरसाहेब आले की सासूबाई पदर सावरून उभ्या राहतात आणि मनातील प्रश्न मनातच राहतो. त्यात सून मराठी बोलणारी, सिस्टर कानडी! परंतु गप्प राहतात ती केवळ घरचीच माणसे नव्हेत. नवी सिस्टरही थोरल्या डॉक्टरांना ‘साहेब, हात धुवायचे राहिले’ असे म्हणावयास कचरते. हे मौन कधीकधी बाळंतिणीच्या जिवावर बेतते, म्हणून त्याविषयी लिहावे असे आम्हांस वाटले.

जागतिक आरोग्य संघटनेचा यावरील एक उपाय २०१० साली आपल्याच राज्यातील एका सरकारी प्रसूतिकेंद्रात अजमावला गेला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञ त्यात सहभागी होते. उपाय म्हणजे एक साधा कागद. बाई दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत करावयाच्या २९ गोष्टींची ती यादी. पूर्वी दर बाळंतपणात त्यांपैकी सरासरी १० गोष्टी होत. यादी आल्यावर २५ होऊ लागल्या. आमच्या मते यातील मर्म असे की, यादी हाती असली म्हणजे धाकट्या सिस्टरला थोरांची चूक काढावी लागत नाही. ती फक्त पुढची ओळ वाचते.

तथापि कागदाचे फार कौतुक नको. उत्तर प्रदेशातील १२० केंद्रांत याच यादीची मोठी चाचणी झाली. २०१७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत काम सुधारलेले दिसले. माता व अर्भकांचे मृत्यू मात्र कमी झालेले दिसले नाहीत. रक्ताची सोय, कुशल हात, वेळेवर वाहन हे सारे बिचारा कागद कोठून आणणार?

त्या यादीतील एक कलम आपणां घरच्यांसाठी आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. बाळंतपणाच्या वेळी सोबतीण जवळ असावी, आणि कोणत्या लक्षणांवर हाक मारायची हे सिस्टरने तिला व बाळंतिणीला आधीच सांगावे, असे ते कलम म्हणते. रक्त जाऊ लागले, पोटात असह्य कळ आली, डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, लघवी होईना, की लगेच हाक मारावयाची. साहेब रागावतील का, हा विचार तेव्हा करावयाचा नाही. सांगितले नसेल तर आपणच विचारावे. आणि शब्दांसाठीही अडून राहू नये. डोकेदुखी म्हणजे तलेनोवु, पोटदुखी म्हणजे होट्टेनोवु. रक्ताला तर कानडीतही रक्तच म्हणतात.