ओढ दोराने सोसावी, कातडीने नाही

राजूरची ओळख कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या ही असली, तरी भोवतालच्या काळ्या रानात कापूस अन् तूर अजूनही बैलांच्या डवरणीवर वाढते. पोळा येतो श्रावण अमावास्येला. त्या दिवशी बैलाला नवी वेसण, नवी म्होरकी आणि नवा कासरा लागतो. त्यासाठी पोळ्याआधी इथला कास्तकार वणीचा बाजार गाठतो. अशाच एका जाणत्या कास्तकारासोबत, मामांसोबत, मी दोरांच्या दुकानापुढे उभा होतो.

त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. कासरा उचलला आणि मधोमध दुमडला. दुमडीत पदर उघडले. "हा नको भाऊ, याचा पीळ सैल हाये." दुसरा दोर मोकळा सोडला, तर तो आपोआप वेटोळे घेऊ लागला. त्याला पीळ जास्त होता. असा कासरा गाडीवर हातात अढ्या पाडतो. तंतू एका दिशेने पिळून पदर होतो आणि ते पदर उलट दिशेने वळले की दोर होतो. दोन्ही पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत. हा तोल साधलेला दोर हातात सरळ राहतो.

मग अंबाडीचा दोर. अंबाडीची खोडं पाण्यात कुजवून वाख काढतात. कमी कुजली तर वाखाला साल चिकटून राहते आणि दोर खरखरीत होतो; जास्त कुजली तर तंतूच कच्चा पडतो. मामांनी टोकाचे दोन तंतू उपसून तोडून पाहिले, दोराचा वास घेतला आणि मग तो मनगटाच्या आतल्या बाजूवरून ओढला. "आपल्याले टोचते, तं बैलाले टोचनारच."

नायलॉन स्वस्त आहे, पावसात कुजत नाही. गोठ्यातल्या दाव्यासाठी जाड, मऊ नायलॉन चालवून घेता येतं. वेसणीला मात्र ते नकोच. बैल बिथरून झटका देतो तेव्हा बारीक नायलॉन तुटत नाही. नाकाची पाळी फाटते. सुती वेसण आधी तुटते. सूत म्हणून मिसळीचा दोर हाती पडू नये, यासाठी एक धागा जळत्या काडीला लावावा: सुताची राख होते, नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो.

अमेरिकेतल्या रोडिओत ब्रेकअवे रोपिंग नावाचा खेळ आहे. घोड्यावरचा स्वार पळत्या वासराच्या गळ्यात फास टाकतो. त्या दोराचं दुसरं टोक खोगिराला मुद्दाम कच्च्या सुतळीने बांधलेलं असतं. वासराने ओढ घेताच सुतळी तुटते आणि घड्याळ थांबतं. कुठे तुटायचं, हे तिथे आधीच ठरवलेलं असतं. आपल्या वेसणीतही तेच शहाणपण आहे.

दोराची लांबीही महत्त्वाची. अवाजवी आखूड किंवा जड दोराने जनावर फार वेळ बांधून ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. बैलाला बसता, उठता आणि मान वळवून अंग चाटता येईल एवढं दावं हवंच.

मामांनी वेसणी जास्तीच्या घेतल्या. सुती वेसण लवकर झिजते; ती झिजली की बदलायची, हा तिचा दोष मानायचा नाही. म्हणून दोर घेताना ताकद शेवटी तपासावी आणि पहिला विचार कातडीचा करावा. वर्षभर आपलं रान ओढणाऱ्या जनावराचा एवढा हक्क आहेच.