कोठारात धान्य, दारात भूक

जयपूरच्या चारदीवारीतला जोहरी बाजार संपतो तिथे सांगानेरी दरवाजा आहे. तो ओलांडून उजव्या हाताला वळलं की रामनिवास बाग लागते. अल्बर्ट हॉलचं संग्रहालय पाहायला आलेले पर्यटक याच बागेतून जातात. महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांनी १८६८ साली ही बाग काढायला घेतली, ती शोभेसाठी नव्हे. त्या वर्षी राजपुतान्यात पाऊस फारच थोडा झाला. धान्य, चारा आणि पाणी अशा तिन्हींचा तुटवडा पडला. तिकडे अशा वर्षाला त्रिकाल म्हणतात. माणसं गुरं हाकत माळव्याकडे निघाली. रेल्वे अजून जयपूरला पोचायची होती. अशा वेळी गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर खणती, भराव, रस्ते, झाडं अशी कामं निघाली आणि लोकांच्या हातात मजुरी पडली. तटाला लागून असलेली ही सुमारे ७६ एकरांची हिरवळ मूळची दुष्काळी कामाची आहे.

रामसिंह मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक असतील. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवरील विषप्रयोगाच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या आयोगात ते होते आणि आरोप सिद्ध झाला नाही, असंच मत त्यांनी दिलं. जयपूरला पाण्याचे नळ, कलाशाळा, मुलींची शाळा त्यांच्याच काळात आली. किशनपोल बाजारातल्या हवेलीत भरणारी ती कलाशाळा म्हणजे कारागिरांच्या पोटापाण्याचा विचार करणारं धोरण होतं.

सांगानेरी दरवाजाजवळचं आजचं महिला चिकित्सालय हे पूर्वीचं मेयो हॉस्पिटल. ज्यांच्या नावाने ते उभं राहिलं ते व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जन्माने डब्लिनचे. १८४७ साली, आयर्लंडच्या महादुष्काळाच्या सर्वांत वाईट वर्षी, पंचविशीतले मेयो आपल्या किल्डेअर परगण्यात मदतकार्यात होते. पुढे आयर्लंडचा कारभार पाहणारे मंत्री म्हणून त्यांनी तीनदा काम केलं आणि जानेवारी १८६९ मध्ये ते कलकत्त्यात उतरले, तेव्हा राजपुतान्यात दुष्काळ चालूच होता. त्यांच्या हत्येनंतर रामसिंहांनी त्यांचा सुमारे नऊ फुटी लोखंडी पुतळा मागवला. स्वातंत्र्याच्या वेळी तोडफोड होईल या भीतीने तो अल्बर्ट हॉलच्या आवारात पुरून ठेवला गेला. २००७ साली तो उकरून काढला आणि पुढे अजमेरच्या मेयो कॉलेजात गेला.

मेयोंच्या आयर्लंडात नेमकं काय घडलं होतं? १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. गरीब कुळाचं जवळजवळ सगळं पोट बटाट्यावर. शेतात ओटही पिकत होता, गुरंही होती, पण ती खंड भरण्यासाठी विकायची. त्यामुळे बटाटा कुजत असताना ओट, लोणी आणि गुरं बंदरांतून इंग्लंडला जात राहिली. पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी अमेरिकेतून मका आणवला. त्यांच्यानंतर आलेल्या सरकारने बाजारात हात घालायचा नाही असं ठरवलं. तिजोरीचे अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन या विचाराचे कट्टर पाईक होते.

मग खडी फोडण्याची आणि रस्त्यांची कामं निघाली. १८४७ च्या मार्चमध्ये सात लाखांवर माणसं त्या कामांवर होती. मजुरी कमी, तीही वेळेवर नाही, आणि उपाशी माणसाकडून थंडीत खडी फोडून घ्यायची. शेवटी सरकारने कामं बंद करून सार्वजनिक स्वयंपाकघरं उघडली. त्या उन्हाळ्यात रोज सुमारे ३० लाख लोकांना शिजवलेलं अन्न मिळत होतं. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारला हे जमलं! ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण ‘इतक्या लोकांना पोसणं अशक्य आहे’ हा बचाव तिने कायमचा खोटा पाडला. पण काही महिन्यांतच चुली विझवल्या आणि सगळा भार स्थानिक गरीबगृहांवर टाकला. वर एक कलम आलं: ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन असेल त्याला मदत नाही. म्हणजे वाडगाभर पेजेसाठी कुळाने आधी जमीन सोडायची. हजारोंनी ती सोडली आणि झोपड्या पाडल्या गेल्या. सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त जहाजांत बसून देशाबाहेर गेली. १८४१ साली ८२ लाखांच्या आसपास असलेल्या त्या बेटाची लोकसंख्या आजही त्या आकड्याला पोचलेली नाही.

एक बारकावा सांगायला हवा. १८४७ मध्ये आयर्लंडात बाहेरून आलेलं धान्य बाहेर गेलेल्या धान्यापेक्षा जास्त होतं. तरीही माणसं मेली, कारण ते विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. दुष्काळात धान्य किती आहे याच्याइतकाच ते कुणाच्या ऐपतीत आहे हा प्रश्न मोठा, हे तिथे उघड दिसलं.

ट्रेव्हेल्यन पुढे हिंदुस्थानात मद्रासचे गव्हर्नर आणि मग अर्थखात्याचे प्रमुख झाले. त्यांचा विचार इथल्या दप्तरात आधीच मुरलेला होता. १८६६ साली ओरिसात व्यापारी धान्य आणतीलच, असं म्हणत अधिकारी थांबले आणि दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. महाराष्ट्राला हे १८७६–७८ मध्ये भोगावं लागलं. सरकारचे दुष्काळी प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी घटवली ती दिवसाला एक पौंड धान्य आणि थोडे पैसे इथवर. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामावर जायचंच नाकारलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. त्यानंतर दुष्काळ आयोग बसला आणि १८८० च्या दशकात दुष्काळ संहिता आल्या: टंचाईची चिन्हं कोणती, कामं कधी काढायची, मजुरी किती, म्हाताऱ्यांना काय द्यायचं. त्यांत कंजुषी पुष्कळ होती. तरी सरकारने काय करायचं हे पहिल्यांदा कागदावर आलं.

या हिशेबातून मेयोही सुटत नाहीत. त्यांच्याच कारकिर्दीत सांभर सरोवराचं मीठ जयपूर आणि जोधपूरकडून कराराने इंग्रज सरकारकडे गेलं. दुष्काळ पाहिलेल्या माणसाने गरिबाच्या मिठावरची सरकारी पकड घट्ट केली, हे त्यांच्या खात्यावर मांडलंच पाहिजे.

१८९९ चा छप्पन्नचा दुष्काळ, विक्रम संवत १९५६ चा, राजस्थानात अजून म्हातारी माणसं काळाची खूण म्हणून सांगतात. तेव्हा जयपूरच्या गादीवर माधोसिंह दुसरे होते. १९०० साली त्यांनी १५ लाख रुपये दिले आणि त्यातून सगळ्या देशासाठी ‘इंडियन पीपल्स फॅमिन ट्रस्ट’ हा निधी उभा राहिला. त्या दुष्काळाची चौकशी १९०१ सालच्या आयोगाने केली. त्याचे अध्यक्ष अँटनी मॅक्डॉनेल आयर्लंडच्या मेयो परगण्यातले, महादुष्काळाच्या आदल्या वर्षी जन्मलेले. आयोगाने सांगितलं की माणूस खचण्याआधी हालचाल करा, सारा वेळेवर तहकूब करा, तगाई मोकळ्या हाताने द्या. पुढच्याच वर्षी मॅक्डॉनेल डब्लिनला प्रशासनाचे प्रमुख झाले आणि १९०३ च्या जमीन कायद्यामागे त्यांचा मोठा हात होता. सरकारने पैसा पुरवायचा, जमीनदाराकडून जमीन विकत घ्यायची आणि कुळाने साडेअडुसष्ट वर्षं हप्ते भरायचे. आयर्लंडातली जमीनदारी खऱ्या अर्थाने या कायद्याने मोडली. बिहार-बंगालमधल्या कुळांचे प्रश्न वर्षानुवर्षं हाताळलेल्या माणसाने हे केलं. स्वतंत्र आयर्लंडने १९३२ साली ते हप्ते लंडनला पाठवणं थांबवलं आणि दोन देशांत सहा वर्षं व्यापारयुद्ध चाललं.

१९३७ साली आयर्लंडने नवं संविधान केलं. त्याच्या ४५ व्या कलमात राज्याने सामाजिक धोरण कसं आखावं याची तत्त्वं होती, आणि कोर्टात ती बजावता येणार नाहीत असंही तिथेच लिहिलं होतं. आपल्या घटना समितीने तोच नमुना घेऊन मार्गदर्शक तत्त्वांचा चौथा भाग तयार केला. पोषणाचा स्तर उंचावणं हे राज्याचं कर्तव्य, असं सांगणारं ४७ वं कलम त्यातच आहे. अर्धं शतक ते बहुतांशी कागदावर राहिलं.

मग पुन्हा जयपूर. २००१ साली राजस्थानात सलग तिसऱ्या वर्षी दुष्काळ होता. देशाच्या सरकारी गोदामांत ५ कोटी टनांहून जास्त धान्य साठलेलं होतं, आणि जयपूर शहराबाहेरच्या गोदामात ते कुजत असताना जवळच्या गावांत घरातली माणसं आळीपाळीने जेवत होती: आज काहींनी खायचं, उद्या बाकीच्यांनी. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या राजस्थान शाखेच्या कार्यकर्त्यांनी हे पाहिलं आणि त्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. याचिकेने बोट ठेवलं ते राजस्थानच्या १९६२ च्या दुष्काळ संहितेवर, म्हणजे त्या जुन्या संहितांच्या वारसावर. जोडीला जगण्याच्या हक्काचं २१ वं कलम आणि पोषणाचं ४७ वं कलम. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने देशभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्यायला लावलं: किमान ३०० उष्मांक, वर्षात किमान २०० दिवस. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा याच वाटेवर आला.

महाराष्ट्राने त्याआधीच आपली वाट काढली होती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग मांडला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून खेड्यातल्या मजुरीची तरतूद केली गेली. देशाने २००५ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

मेयोंच्या पिढीत मदत करणं हे सरकारच्या मर्जीवर होतं; म्हणूनच १८४७ साली ३० लाखांची चूल पेटवताही आली आणि विझवताही आली. हक्क झाला की ती विझवणाऱ्याला जाब विचारता येतो. पण हक्क मागावा लागतो आणि मागितल्याचा कागद हातात असावा लागतो. तुमच्या गावात यंदा पाऊस ओढ देईल तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन एवढंच पाहा: काम मागायला आलेल्या बाईला तारीख घातलेली पोच मिळते का? १५ दिवसांत काम मिळालं नाही तर भत्ता मागायला तीच पोच लागते.