ब्लोअर घरघरतोय?
इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून एसीच्या ब्लोअरची बारीकशी घरघरही कानात भरते. बारामती-इंदापूर पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात तर त्याकडे लक्ष हवंच. पाचटाचे तुकडे, जाळलेल्या पाचटाची काजळी आणि धूळ समोरच्या काचेखालच्या जाळीतून आत शिरते. गाडी फडालगत उभी राहत असेल, तर आत उंदराचं घरटंही सापडू शकतं.

आधी पंख्याचा वेग कमी-जास्त करा. आवाज त्याबरोबर बदलला तर दोष बहुधा ब्लोअरचाच. पंखा बंद करूनही राहिला तर कॉम्प्रेसर किंवा कूलंट पंप तपासावा लागेल. टकटक म्हणजे पात्यांत अडकलेला कचरा, थरथर म्हणजे एका बाजूला साचलेली माती, चिरका आवाज म्हणजे बहुतेक वेळा झिजलेलं बेअरिंग.

अनेक गाड्यांत एसीचा फिल्टर ग्लोव्ह बॉक्समागे असतो. गाडी बंद करून तो काढा, पाती मऊ ब्रशने साफ करा. बेअरिंग गेलं असेल तर तेल घालत बसू नका. चार दिवसांत धूळ चिकटून आवाज परत येतो, मोटरच बदलावी. ब्लोअर सहसा १२ व्होल्टवर चालतो. नारिंगी वायरी मात्र उच्च दाबाच्या, त्यांना प्रशिक्षित मेकॅनिकशिवाय कुणीही हात लावू नये.