पिक्सेल मोजा, पण कोणते?

संगणकाचा पडदा म्हणजे बारीक प्रकाशमान ठिपक्यांची जाळी. या प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. पुष्कळ पडद्यांवर आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल असतात.

पडदा लहान असला की हे ठिपके फार दाट बसतात व अक्षरे बारीक दिसतात. म्हणून अक्षरे, चित्रे १२५ किंवा १५० टक्के मोठी करून दाखवण्याची सोय संगणकात केलेली असते. हिला डिस्प्ले स्केलिंग म्हणतात. प्रमाण १५० टक्के असेल, तर प्रोग्रॅमच्या हिशेबातील १०० एकक रुंदीचे बटण पडद्यावर १५० ठिपके व्यापते. म्हणजे पिक्सेल दोन प्रकारचे झाले : एक पडद्यावरचा खरा ठिपका आणि दुसरे प्रोग्रॅमच्या हिशेबातील एकक. घोटाळा होतो तो येथेच!

ज्या प्रोग्रॅमला स्केलिंगची जाण नसते, त्याला विंडोज प्रणाली पडद्याचे माप १.५ ने भागून सांगते. १९२० चे होतात १२८० आणि १०८० चे ७२०. समजा, पडद्याचे चित्रमुद्रण करणाऱ्या प्रोग्रॅमने हे आकडे खऱ्या ठिपक्यांचे मानले. मग तो डाव्या बाजूचा वरचा कोपराच टिपेल. त्याचे क्षेत्रफळ किती? २/३ गुणिले २/३, म्हणजे पडद्याचा फक्त ४/९ भाग!

आता एक प्रयोग घ्या. पडद्यावर एक चेंडू २ सेकंदांत ४०० एकके सरकतो. त्याचा वेग सेकंदाला २०० एकके. पण मुद्रित चित्रात खरे ठिपके मोजले, तर अंतर ६०० भरते व वेग ३०० येतो. एक माप येथले आणि दुसरे तेथले घेतले, तर वेग दीडपट चुकेल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून ती सव्वादोनपट चुकेल. गणित बिनचूक, पण उत्तर मात्र चूक!

आणखी एक गंमत पाहा. १०१ एकके रुंदीची चौकट १२५ टक्क्यांवर १२६.२५ ठिपक्यांची व्हायला हवी. पण पाव ठिपका असतो कोठे? मग आकडा पूर्णांकात घ्यावा लागतो, नाहीतर कडा पुसट दिसते.

यावर उपाय सोपा आहे. मुद्रण सुरू करण्यापूर्वी मोजमापाच्या प्रोग्रॅममध्ये ३०० एकके लांबीची एक रेषा काढा व तीही चित्रात येऊ द्या. नंतर मुद्रित चित्रात तिची लांबी मोजा. ती ४५० भरली तर गुणोत्तर १.५ आणि ३०० भरली तर १. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण दिलेले असते ना, तसेच हे. प्रमाण ठाऊक नसेल, तर नकाशावरून गावांमधील अंतर सांगता येत नाही. पिक्सेलच्या आकड्याचेही तसेच आहे. तुमच्या शाळेतील संगणकावर हे गुणोत्तर किती येते, ते काढून पाहा बरे!