0.39वर अडकलेला लॅपटॉप

3.4, 1.6 आणि 0.39. एकाच प्रोसेसरचे हे तीन वेग, गिगाहर्ट्झमध्ये. प्रोसेसर इंटेलचा आय5-8250यू, 2017 साली आलेला, चार कोअरचा. 3.4 हा त्याचा कमाल टर्बो वेग, 1.6 हा कंपनीने सांगितलेला मूळ वेग. 0.39 कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही. तो मी बहिणीच्या लॅपटॉपवर पाहिला.

साधी वर्डची फाइल उघडायलाही तिला ताटकळावं लागत होतं. दुरुस्तीवाल्याने आधी फॉरमॅट मारला, मग रॅम वाढवली आणि शेवटी 'जुना झालाय, नवीन घ्या' असं सांगितलं. मी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. वापर 100 टक्के, वेग 0.39. चार्जर काढला, तर काही सेकंदांत आकडा 3च्या पुढे. पुन्हा लावला, पुन्हा 0.39.

या प्रोसेसरचा वेग म्हणजे साधारण 100 मेगाहर्ट्झचा ठोका गुणिले एक गुणक. टर्बोला गुणक 34, मूळ वेगाला 16 आणि सगळ्यात खालची पायरी 4. म्हणजे कुणीतरी गुणक 4वर दाबून धरला होता. हे काम बीडी प्रॉकहॉट नावाच्या संकेताचं. प्रोसेसर स्वतः थंड असला तरी मदरबोर्ड या वाटेने त्याला 'वेग कमी कर' असं सांगू शकतो. कित्येक चार्जर मधल्या बारीक पिनमधून आपले वॉट लॅपटॉपला कळवतात. ती ओळख पटली नाही, की चार्जर 65 वॉटचा आहे की 45चा हे लॅपटॉपला समजत नाही आणि तो सावधपणे वेग उतरवतो.

वेग उतरवून वीज किती वाचते? प्रोसेसरची चालू कामातली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढलं तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. 2000 साली इंटेलने स्पीडस्टेप आणलं, तेव्हा 650 मेगाहर्ट्झचा मोबाइल पेंटियम-3 बॅटरीवर 500वर यायचा आणि व्होल्टेज 1.6वरून 1.35वर. गणित करून पाहा: वेग 23 टक्क्यांनी कमी, वीज जवळपास 45 टक्क्यांनी कमी. सौदा उत्तमच होता. आजचं सगळं पॉवर मॅनेजमेंट याच हिशेबावर उभं आहे, म्हणून ते सरसकट बंद करा असा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

थ्रॉटलस्टॉपसारख्या प्रोग्रॅममध्ये बीडी प्रॉकहॉटची खूण काढता येते आणि वेग लगेच परततो. मी ती चाचणीपुरतीच काढतो. चार्जर खरोखरच कमी ताकदीचा असेल, तर ती खूण काढल्यावर सगळा भार त्याच्यावर पडतो.

आकडा 1.6 ते 1.8च्या पुढे सरकतच नसेल, तर संशयित वेगळा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा पाहा. ती 100ऐवजी 99 असली, तरी टर्बो पूर्ण बंद होतो. एका टक्क्याने निम्मा वेग जातो! गरम होतो म्हणून कुणीतरी कधीतरी 99 केलेलं असतं आणि मग विसरलेलं असतं.

सुरुवातीला 3.4 दिसून अर्ध्या मिनिटात वेग उतरला तर घाबरू नका. 15 वॉटच्या या प्रोसेसरला जास्त वीज थोडाच वेळ घेऊ देतात, पुष्कळ लॅपटॉपांवर साधारण 28 सेकंद. तापमान मात्र 100 अंशांना टेकत असेल, तर पंख्यातली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट पाहायला हवी. तिथे कुठलंही सेटिंग कामाचं नाही.

बहिणीच्या चार्जरच्या टोकात टॉर्च मारून पाहिलं. मधली पिन एका बाजूला वाकून कडेला चिकटली होती. त्याच वॉटचा, त्याच बनावटीचा चार्जर आणला. रॅमचे पैसे मात्र गेले ते गेलेच.